सॅन फ्रान्सिस्को किती लांब? घोडबंदर रोडवरून मोजू या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं अडुसष्ट आणि चौसष्ट वर्षांचे, राहायला ठाण्यात कासारवडवलीला. मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ सनीवेलला असते, सप्टेंबरात तिचं बाळंतपण आहे, म्हणून ऑगस्टमध्ये निघायचंय. एका ठिकाणी वाचलंत की मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,५०० किलोमीटर, पंधरा तास. एजंटनं पाठवलेल्या दुबईमार्गे तिकिटावर मंगळवारी पहाटे ४ ला निघून त्याच मंगळवारी दुपारी ३ ला पोहोचायचं, म्हणजे अकरा तास. आणि त्याच तिकिटाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय साडेतेवीस तास. त्यात जावई म्हणतात सिंगापूरवरून या, मुलगी म्हणते दुबईवरून. खरं काय?

खरं म्हणजे सगळंच खरं आहे. मी नौपाड्यात सव्वीस वर्षं विमानाची तिकिटं काढतोय, आणि एक सांगतो, लांबच्या प्रवासात किलोमीटरचा आकडा सगळ्यात कमी उपयोगाचा. तो कसा निघतो ते मात्र एकदा समजून घ्या, म्हणजे बाकीचे आकडे आपोआप उलगडतील.

माझ्या टेबलावर एक पृथ्वीचा गोल आहे. मुलीच्या शाळेतला, अंटार्क्टिकाला पोचा पडलेला. त्याच्याजवळ शिलाई मशीनच्या लाल दोऱ्याचं रीळ ठेवलेलं असतं. असा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी म्हणतो, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. बहुतेक जण दोरा डावीकडे नेतात: अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक, अमेरिका. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे असते ना, ती डोक्यात बसलेली असते. मग मी म्हणतो, आता ताणा. दोरा ताणला की तो आफ्रिकेवरून युरोपवर घसरतो, युरोपवरून आणखी वर जातो आणि गोलाच्या टोकाच्या स्क्रूला अडकतो. तिथून तो नखानं सोडवून पलीकडे टाकावा लागतो. मग एकदम सैल पडतो आणि पुन्हा ताणला की स्थिर होतो. आता बघा कुठून गेला: मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला, काराकोरमच्या बाजूनं, सायबेरियावरून, आर्क्टिक समुद्राच्या कडेकडेनं, अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात. म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आपल्या पश्चिमेला नाही, पूर्वेलाही फारसं नाही. ते आपल्या उत्तरेला आहे, टोपीच्या पलीकडच्या बाजूला.

तो दोरा पट्टीवर ठेवून मोजला की ३२ सेंटिमीटर भरतो. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे परीघ साधारण ९४. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर. एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर पडले. ३२ गुणिले ४२५, झाले १३,६००. कॉम्प्युटर अक्षांश-रेखांश घेऊन हेच गणित करतो आणि १३,५०० च्या आसपास उत्तर देतो. दोऱ्याला शंभर किलोमीटरची चूक माफ करा. सपाट नकाशावर पट्टी ठेवून पश्चिमेकडे सरळ रेघ ओढलीत आणि विमान त्या रेघेवरून नेलंत, तर १९,००० किलोमीटर उडावं लागेल.

आता पंधरा तास कुठून आले? मोठं विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालतं. १३,५०० भागिले ९०० म्हणजे १५. बस्स, एवढंच. त्या पंधरा तासांत धावपट्टीपर्यंत रांगणं नाही, चढणं-उतरणं नाही, वारा नाही, वळसा नाही. कागदावरचा आकडा आहे तो.

त्या लाल दोऱ्यावरून कुणी उडत नाही. पहिली अडचण डोंगरांची. केबिनमधली हवा अचानक गेली तर विमानाला लगेच १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यातला प्राणवायू काही मिनिटंच पुरतो. खाली काराकोरम आणि तिबेटचं पठार असेल तर येणार कुठे? म्हणून त्या पट्ट्याला विमानं शक्यतो वळसा घालतात. दुसरी अडचण माणसांची. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आपणही त्यांच्या विमानांना केलं, आणि ती मुदत महिन्यामहिन्यानं वाढत गेली. त्यातून दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा फेरा पडला. मुंबईच्या विमानांना त्रास कमी, आपण मुळातच अरबी समुद्रावर निघतो. म्हणजे त्याच दोन शहरांमधलं अंतर कंपनीच्या झेंड्याप्रमाणे वेगळं असतं. कुणाला सायबेरियावरून जायची मुभा आहे, कुणाला नाही.

वाऱ्याची गोष्ट मला स्वतःला सगळ्यात आवडते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदी वाहते, जेट स्ट्रीम म्हणतात तिला. हिवाळ्यात ती ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जाते. तिच्या प्रवाहात पडलात तर फुकटचा वेग, उलटे गेलात तर इंधन जाळून पोहायचं. याचा सुरेख नमुना एअर इंडियानं दाखवला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेला, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. तो रस्ता १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी. जास्त अंतर, कमी वेळ. आपल्याकडे खोपोलीतून जुना घाट की एक्स्प्रेस-वे, असा वाद घालणाऱ्यांना हे लगेच कळतं.

म्हणूनच जावयांचं सिंगापूर वेडेपणाचं नाही. मुंबई-सिंगापूर ३,९०० किलोमीटर, सिंगापूर-सॅन फ्रान्सिस्को १३,६००; बेरीज साडेसतरा हजार. दुबईवरून १,९३० अधिक १३,०००, म्हणजे पंधरा हजाराच्या आत. आकड्यांत अडीच हजारांचा फरक, पण सिंगापूरहून जाताना वारा पाठीशी असतो, त्यामुळे तासांचा फरक तेवढा राहत नाही. तोच वारा येताना समोरून. सिंगापूरचा परतीचा टप्पा जाण्यापेक्षा एक-दोन तास लांबतो. दुबईहून निघालेलं विमान मात्र नकाशावर थेट उत्तर ध्रुवाच्या डोक्यावरून जातं, जवळजवळ अक्षरशः. त्या वाटेचा सगळ्यात लहान दोरा ध्रुवापासून दोनशे किलोमीटरवरून जातो. दिवसाचं विमान असेल तर काकूंना खिडकीची जागा घ्या. ऑगस्टमध्ये तिथे सूर्य मावळत नाही.

दिल्लीचा पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण सांगतो. मुंबई-दिल्ली १,१४० किलोमीटर आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४००. बेरीज जवळपास मुंबईहून थेट अंतराइतकीच. दिल्ली त्या लाल दोऱ्याला लागूनच आहे, गोलावर बघितल्याशिवाय पटत नाही. लंडन किंवा फ्रँकफर्ट घेतलंत तर बेरीज पावणेसोळा हजारांच्या घरात जाते.

आता माझं मत. थेट विमान मिळालं तरी अडुसष्टाव्या वर्षी मी ते डोळे झाकून घेणार नाही. सोळा तास एका खुर्चीत म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. एक थांबा बरा, आणि थांबा कुठे आहे ते तासांपेक्षा महत्त्वाचं. दुबईचा हिशेब सव्वातीन तास आणि मग सोळा. म्हणजे थांबा मिळतो, पण लांब बैठक टळत नाही. लंडन-फ्रँकफर्टला प्रवास जवळपास मधोमध तुटतो, नऊ-दहा आणि अकरा. ज्यांचे पाय सुजतात त्यांना मी युरोप सुचवतो. फक्त ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलत राहतात, ते पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. ज्यांना रात्री दोनदा उतरण्या-चढण्याची धास्ती वाटते त्यांना दुबई बरं. अबू धाबीचं वैशिष्ट्य असं की अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतात. मग अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता, रांग नाही. मात्र त्यासाठी तिथला थांबा कमीत कमी तीन तासांचा हवा. नव्वद मिनिटांचं कनेक्शन दाखवून कुणी तुम्हाला ‘एकूण वेळ कमी’ म्हणत असेल, तर नम्रपणे नको म्हणा. आणि अमेरिकेतच विमान बदलायचं असेल, समजा नेवार्क किंवा शिकागोला, तर साधारणपणे पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन करून, बॅगा उचलून, कस्टममधून काढून पुन्हा द्याव्या लागतात. तेवीस किलोच्या चार बॅगा, त्यात डिंकाचे लाडू. व्हीलचेअर आधीच मागून ठेवा, लाजू नका.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा, हे लिहायची खरं तर गरज नाही, पण मुलं स्वस्त म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडून देतात. पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही.

आता तुमचे ते अकरा तास. तिकिटावर निघण्याची वेळ इकडची असते, पोहोचण्याची तिकडची. एवढं वाक्य लक्षात ठेवलंत की झालं. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असतं. तिथल्या मंगळवारी दुपारच्या ३ मध्ये साडेबारा मिळवा, आपल्याकडे बुधवारची पहाट, साडेतीन. मंगळवार पहाट ४ ते बुधवार पहाट साडेतीन: साडेतेवीस तास. बारीक अक्षरातला आकडा बरोबर आहे, एजंट फसवत नाहीये.

परत येताना उलटं होतं आणि तिथे लोक चुकतात. तुम्ही जानेवारीत परतणार असाल तर फरक साडेबाराचा नाही, साडेतेरा तासांचा असेल. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे करतात. आपण काही करत नाही. गुरुवारी संध्याकाळी ५ ला निघालात, प्रवास चोवीस तासांचा, तर मुंबईत उतराल शनिवारी सकाळी साडेसहाला. शुक्रवार कुठे गेला म्हणून विचारू नका. जाताना जो मंगळवार ताणून साडेछत्तीस तासांचा मिळाला, त्याची परतफेड आहे ती. (अर्ध्या तासाची भानगड आपली. भारतीय वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर ठरते, म्हणून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची तर स्वतःची वेगळी वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि ती १९५५ पर्यंत चालली.)

आणि आता जे मी प्रत्येकाला हाताला धरून सांगतो ते. पहाटे ४ चं विमान ‘मंगळवारचं’ आहे, पण तुम्ही घर सोडायचं सोमवारी रात्री. काही वर्षांपूर्वी वर्तकनगरचं एक जोडपं माझ्याकडून तिकीट घेऊन गेलं. रात्री दीडचं विमान, तारीख बारा. बारा तारखेला संध्याकाळी त्यांचा फोन आला, आम्ही निघतोय, आशीर्वाद द्या. माझ्या पोटात गोळा आला. विमान सतरा तासांपूर्वीच गेलेलं होतं. नातेवाईक औक्षणाला जमलेले, बॅगा दाराशी, त्यांवर रिबिनी बांधलेल्या, आणि मी फोनवर. तिकीट पुढच्या आठवड्याचं करून दिलं, दंड बसला तो बसलाच. तेव्हापासून मी तिकिटावर लाल पेननं लिहून देतो: ‘घरातून निघणे: अमुक वार, रात्री अमुक वाजता’. तुमच्या प्रिंटवरही आजच लिहा: सोमवार, रात्री साडेअकरा.

साडेअकरा का, तर कासारवडवलीहून सहार विमानतळाच्या टर्मिनल २ पर्यंत अंतर आहे तीसेक किलोमीटर. रात्री रस्ता मोकळा असेल तर तास पुरतो. पण घोडबंदर रोड रात्रीच कंटेनरांनी भरतो. कापूरबावडीच्या आधी एखादा ट्रेलर बंद पडला की गुगलचा निळा रस्ता बघता बघता लाल होतो. पुढे तीन हात नाका, पूर्व द्रुतगती मार्ग, कांजूरमार्गहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, पवई, मरोळ. २०२४ च्या ऑक्टोबरपासून मुलुंडला छोट्या गाड्यांचा टोल नाही, तेवढीच एक रांग कमी. ऑगस्ट आहे, पाऊस धरा. काउंटर साधारण विमानाच्या तासभर आधी बंद होतो, अमेरिकेच्या विमानांना जादा तपासणी असते, म्हणून तीन तास आधी दारात. दीड तास रस्त्याला, तीन तास तिथे.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला. ऐरोली, घणसोलीकडच्या माझ्या गिऱ्हाइकांना तो सोयीचा, ठाणे-बेलापूर रस्त्यानं सरळ उलव्याला. त्यामुळे आता तिकिटावर ‘मुंबई’ वाचून भागत नाही, तीन अक्षरं बघा: बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. दिल्लीवरून जायचं ठरवलंत तर हे आणखी जपा. जाताना एकीकडून आणि येताना दुसरीकडे असं तिकीट सहज निघू शकतं, आणि मग न्यायला आलेला भाचा भलत्याच खाडीपलीकडे उभा.

तेव्हा दारापासून दारापर्यंत मांडू. घर ते विमान साडेचार तास. विमान, थांबा, विमान साडेतेवीस. सॅन फ्रान्सिस्कोला इमिग्रेशन आणि बॅगा, दीड तास धरा. तिथून सनीवेल ५० किलोमीटर, संध्याकाळच्या गर्दीत तास. साडेतीस तास झाले. त्यातले हवेत फार तर वीस. तुम्ही वाचलेले १३,५०० किलोमीटर आणि पंधरा तास कुठे आहेत या हिशेबात? अर्ध्यावर. बाकीच्या अर्ध्यातला बहुतेक वेळ जमिनीवरचा आहे, आणि थकवतो तो जास्त.

या साडेतीस तासांचा कागद करून डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांपैकी काही चालू असेल तर ‘सकाळी एक, रात्री एक’ हे साडेबारा तासांच्या फरकात कोलमडतं. दोन गोळ्यांमध्ये किती तास, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि एक घड्याळ पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा, काकांच्या मनगटावर चालेल. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. दर दोन तासांनी उठून मागच्या बाजूला फेरी मारा.

दुबई की सिंगापूर, याचं उत्तर मग असं: जाताना दोन्ही सारखंच, दुबई थोडं लवकर. येताना जानेवारीच्या वाऱ्यात सिंगापूर लांब. जाणं-येणं एकाच तिकिटावर असणार, म्हणून दुबई घ्या, पण थांबा तीन-साडेतीन तासांचा. तुमच्या साडेतेवीस तासांत थांब्याला चारेक तास दिसतात, म्हणजे तुमचं तिकीट ठीक आहे, बदलू नका. निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर वेळ पुन्हा बघा. आखाताचं आकाशही काही तासांसाठी बंद पडतं, जून २०२५ मध्ये कतारचं पडलं होतं.

आणि पोहोचल्यावर इथे फोन करायची वेळ ठरवूनच जा. तिथली संध्याकाळची सात म्हणजे इथली दुसऱ्या दिवशीची सकाळ, साडेसात. तुमचं जेवण व्हायचं असतं, इथे शेजारच्या वहिनींचा पहिला चहा होत असतो. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं का, ते तेव्हाच विचारा.